प्रकल्प नोंदी: व्हॉयेजरची कणमोजणी एका वेळरेषेवर

११ फेब्रुवारी २०२५

कामाची व्याप्ती पक्की केली: नासाच्या दोन व्हॉयेजर यानांनी सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडतानाच्या नोंदी. व्हॉयेजर-१ साठी २०१२ मधला दिवस १५० ते ३०० आणि व्हॉयेजर-२ साठी २०१८ मधला दिवस २०० ते वर्षअखेर. पहिल्या तुकड्यात २५ ऑगस्ट २०१२ ला ओलांडलेला हेलिओपॉज, म्हणजे सौरवाऱ्याची बाहेरची सीमा, येतो, सूर्यापासून १२१.६ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). दुसऱ्यात ५ नोव्हेंबर २०१८ चा, सुमारे ११९ वर. कण, चुंबकीय क्षेत्र आणि प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) मधल्या लहरी या तिन्ही नोंदी एकाच वेळरेषेवर आणायच्या, आणि सीमा नेमकी कशावरून ठरते ते कच्च्या मोजणीपासून तपासायचं.

उपकरणं पाच: सीआरएस (वैश्विक किरण), एलईसीपी (कमी ऊर्जेचे कण), पीएलएस (प्लाझ्मा), पीडब्ल्यूएस (प्लाझ्मा-लहरी) आणि मॅग्नेटोमीटर. व्हॉयेजर-१ चं पीएलएस १९८० मध्येच, शनी मागे पडल्यावर, निकामी झालं. त्यामुळे त्या यानावर प्लाझ्माचा वेग आणि घनता थेट मिळत नाही. वेग एलईसीपीकडून काढावा लागतो आणि घनता पीडब्ल्यूएसकडून. या कामातली निम्मी मेहनत त्या एका उणिवेपायी आहे.

१४ फेब्रुवारी २०२५

आज फक्त वेळ. फाइलींत तारीख वर्ष, वर्षातला दिवस आणि तास अशी येते. दिवस १ पासून सुरू होतो, त्यामुळे १ जानेवारीत दिवसाचा आकडा जसाच्या तसा मिळवला तर सगळी मालिका एक दिवस पुढे सरकते. २०१२ लीप वर्ष, म्हणून दिवस २३८ म्हणजे २५ ऑगस्ट. साध्या वर्षात तोच दिवस २६ ऑगस्ट असतो. कोडला चाचणी म्हणून या जोड्या दिल्या: २०१२/२१० → २८ जुलै, २०१२/२२६ → १३ ऑगस्ट, २०१२/२३८ → २५ ऑगस्ट, २०१८/३०९ → ५ नोव्हेंबर, २००४/३५१ → १६ डिसेंबर. यातली एक जरी चुकली तरी पुढचं काही चालवायचं नाही.

दुसरी अट: सगळीकडे यानावरची वेळ, पृथ्वीवर संदेश पोचल्याची नव्हे. १२१.६ एककांवरून प्रकाशाला यायला १६ तास ५१ मिनिटं लागतात. एक फाइल यानाच्या वेळेत आणि दुसरी पृथ्वीच्या वेळेत असेल, तर चुंबकीय क्षेत्र आधी उडी घेतं आणि कण पाऊण दिवसाने, असं चित्र दिसतं. त्यावर भौतिकीचं स्पष्टीकरण रचायचा मोह होतो, म्हणून ही तपासणी पहिल्याच आठवड्यात उरकलेली बरी.

रिकाम्या जागांचे आकडे: सीडीएफ फाइलींत उणे १ गुणिले १० चा ३१ वा घात, मजकुराच्या फाइलींत ९९९.९९ सारखे. हे काढून टाकायचे. पण खरं शून्य काढायचं नाही. एका खान्यात (वेळेच्या एका तुकड्यात) सरासरी ०.५ मोजण्या येत असतील तर पॉयसाँ नियमाने ६१ टक्के खाने शून्यच असणार. ते ‘डेटा नाही’ समजून गाळले तर सरासरी ०.५ ची १.२७ होते. सीमेबाहेर कमी ऊर्जेचे कण जवळजवळ संपतात, म्हणजे जिथे उत्तर हवं आहे तिथेच ही चूक सगळ्यात मोठी ठरते.

२० फेब्रुवारी २०२५

सीआरएसचे दोन दर घेतले. पहिला ०.५ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणाच्या ऊर्जेचं एकक) वरचा. तो मुख्यतः हेलिओस्फिअरमधल्या, म्हणजे सौरवाऱ्याच्या बुडबुड्यातल्या, कणांचा. दुसरा ७० एमईव्हीच्या वरचा, आकाशगंगेतून येणाऱ्या वैश्विक किरणांचा. हे दर (सेकंदाला किती मोजण्या) आहेत, प्रवाह नव्हेत. पहिला एकट्या पुढच्या पातळ चकतीचा आहे, मागच्या चकत्यांशी जुळणी न मागता मोजलेला. दुसऱ्याला कण दुर्बिणीतून आरपार गेला पाहिजे. त्यामुळे एकाच आलेखावर दोन्ही काढताना अक्ष वेगळे ठेवायचे आणि ‘हा त्याच्या इतके पट’ असं काही लिहायचं नाही.

कणाची ओळख पटवायची तर जुळणी लागतेच. सीआरएसमधल्या एलईटी या कण-दुर्बिणीत पुढच्या दोन सिलिकॉन चकत्या ३५ मायक्रोमीटरच्या, मागच्या ४५० च्या. पातळ चकतीत गमावलेली ऊर्जा आणि उरलेली ऊर्जा यांचा गुणाकार साधारणपणे प्रभाराचा वर्ग गुणिले वस्तुमान या प्रमाणात जातो: प्रोटॉन १, हीलियम १६, कार्बन ४३२, ऑक्सिजन १०२४. म्हणून कार्बन आणि ऑक्सिजन आलेखावर सुटे दिसतात, आणि त्या जोडीला इथे मोठं मोल आहे. आकाशगंगेच्या किरणांत दोन्ही जवळपास सारखे. पण हेलिओस्फिअरच्या काठावर वेग घेणाऱ्या ‘अ‍ॅनॉमलस’ किरणांत ऑक्सिजन भरपूर आणि कार्बन नगण्य, कारण ते बाहेरून आत शिरलेल्या उदासीन अणूंपासून बनतात आणि आंतरतारकीय कार्बन आधीच आयनित असल्याने आत पोचतच नाही. कमी ऊर्जेला कार्बनची पट्टी फिकी आणि ऑक्सिजनची गडद असेल, तर यान अजून घरातच आहे.

२७ फेब्रुवारी २०२५

एलईसीपी. इथे बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

या उपकरणाचं डोकं स्टेपर मोटरवर बसवलेलं आहे. दर १९२ सेकंदांनी ४५ अंश पुढे, म्हणजे आठ टप्प्यांत पूर्ण फेरी, २५.६ मिनिटांत. प्रत्येक टप्पा म्हणजे एक सेक्टर. आठव्या सेक्टरसमोर ढाल आहे, तिथे बाहेरचे कमी ऊर्जेचे कण येत नाहीत. त्या सेक्टरमध्ये जे मोजलं जातं ती पार्श्वभूमी: बाजूने भिंती भेदून आलेले वैश्विक किरण.

तासाच्या सरासरीत १८.७५ टप्पे बसतात, म्हणजे २.३४ फेऱ्या. काही सेक्टर तीनदा बघितले जातात, काही दोनदा. तासाभराच्या मोजण्यांची नुसती बेरीज केली तर दिशेचा फरक दिसतो, पण तो आकाशातला नसतो, मोटरचा असतो. उपाय साधा: प्रत्येक सेक्टरची मोजणी त्या सेक्टरच्या प्रत्यक्ष वेळेने भागायची आणि मगच सरासरी काढायची. दिवसाच्या खान्यात ५६.२५ फेऱ्या होतात, तिथे हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास उतरतो. पण तेही दिवस पूर्ण असेल तर. संपर्क अर्धाच मिळालेल्या दिवसाला ‘दैनिक सरासरी’ म्हणायचं नाही. आता प्रत्येक खान्याशेजारी ‘किती सेकंद, कोणते सेक्टर’ हा स्तंभ राहील.

ढाल असलेला सेक्टर वगळून सातांची सरासरी घेतली तरी थोडा कल राहतो. दिशेवरचं अवलंबन एक अधिक अ गुणिले कोसाइन असं धरलं, तर आठांची बेरीज शून्य, सातांची नाही. चूक जास्तीत जास्त अ भागिले सात. अ ०.१ असेल तर १.४ टक्के. म्हणून सरासरी आणि अ हे दोन्ही लघुत्तम वर्ग पद्धतीने एकत्रच काढायचे, आधी सरासरी आणि मग उरलेल्यातून अ असं नाही.

अ कशासाठी हवा? व्हॉयेजर-१ वर प्लाझ्माचा वेग मोजायचा तोच मार्ग आहे. वाहत्या प्लाझ्मातून बघताना समोरून येणारे कण जास्त भरतात. मंद कणांसाठी अ = २ × (वर्णपटाचा घातांक + १) × प्लाझ्माचा वेग ÷ कणाचा वेग. ५३ ते ८५ केईव्हीची (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) वाहिनी, म्हणजे ऊर्जेचा पट्टा, घेतली. ६५ केईव्ही प्रोटॉनचा वेग सेकंदाला ३,५२९ किमी. घातांक (ऊर्जेनुसार कण किती झपाट्याने घटतात) १.५ धरला तर सेकंदाला ७० किमी वेगाला अ = ०.०९९ आणि २० किमीला फक्त ०.०२८.

आता सांख्यिकी. अ मधली अनिश्चितता साधारण (२ ÷ एकूण मोजण्या) चं वर्गमूळ. तीन सिग्मावर (अनिश्चिततेच्या तिप्पट) ०.०९९ ओळखायला सुमारे १,८०० मोजण्या पुरतात, ०.०२८ ला जवळपास २३,००० लागतात. वेग जितका कमी तितकी खिडकी लांब, आणि ही वाढ वर्गाच्या हिशोबाने होते. एप्रिल २०१० पासून व्हॉयेजर-१ भोवतीचा बाहेर जाणारा वेग शून्यावर आला हा एलईसीपी गटाचा निष्कर्ष याच मार्गाने निघाला, तोही वर्षानुवर्षांच्या सलग उतारावरून. ७ मार्च २०११ ला तर यानच ७० अंशांत वळवून धरलं, म्हणजे उपकरणाचा फिरण्याचा प्रतल बदलेल आणि वेगाचा एरवी न दिसणारा घटक मोजता येईल. इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या यानाला एका घटकासाठी वळवायचं धाडस दाखवलं, यातच त्या मोजणीची किंमत कळते.

३ मार्च २०२५

एलईसीपी पुढे चालू. तीन अटी नोंदवून ठेवायच्या आहेत.

वाहिनी ‘आयन’ची आहे, प्रोटॉनची नाही. ६५ केईव्हीचा ऑक्सिजन प्रोटॉनच्या चौथाई वेगाने जातो, त्यामुळे त्याचा अ चौपट. ऑक्सिजनचा वाटा थोडा असला तरी काढलेला वेग फुगतो. घातांकाची चूक त्यामानाने किरकोळ: १.५ ऐवजी १.४ किंवा १.६ धरला तर फरक चार टक्के.

हे सूत्र प्लाझ्माने कणांना वाहून नेण्यालाच लागू आहे. टर्मिनेशन शॉकजवळ, म्हणजे सौरवारा एकदम मंदावतो त्या सीमेजवळ, कण चुंबकीय रेषांवरून झोतासारखे येतात, तिथे अ ०.३ च्या पुढे सहज जातो. सूत्रात घातला तर सेकंदाला २१० किमीच्या वर वेग येतो, जो हेलिओशीथमध्ये (शॉक आणि हेलिओपॉज यांमधल्या पट्ट्यात) शक्य नाही. कोडमध्ये ०.३ च्या वरच्या खान्यांवर ‘झोत’ अशी खूण पडेल आणि वेगाचा रकाना रिकामा राहील.

पार्श्वभूमी वजा केल्यावर चुका घटत नाहीत, वाढतात. सेक्टरमध्ये ४०० आणि ढालीच्या सेक्टरमध्ये तेवढ्याच वेळात ३०० असतील, तर उरतात १००, अधिक-उणे २६. हेलिओपॉजबाहेर बहुतेक खान्यांची हीच अवस्था आहे, कारण आकाशगंगेचे किरण वाढले, म्हणजे पार्श्वभूमी वाढली, आणि खरा संकेत आटला. कच्चा आलेख बघून ‘बाहेरही कमी ऊर्जेचे आयन आहेत’ असं वाटतं ते यामुळे.

६ मार्च २०२५

काल नासाने जाहीर केलं: व्हॉयेजर-१ चं सीआरएस २५ फेब्रुवारीला बंद केलं आणि व्हॉयेजर-२ चं एलईसीपी २४ मार्चला बंद होईल. विजेचा हिशोब आहे. दोन्ही यानांची किरणोत्सारी वीजघरं दरवर्षी सुमारे ४ वॅट गमावतात. एलईसीपीची मोटर दर १९२ सेकंदांनी १५.७ वॅटचा झटका घेते. तिची चाचणी झाली होती ५ लाख टप्प्यांची, शनीपर्यंत पुरावी म्हणून. व्हॉयेजर-२ वर ती ८५ लाखांच्या पुढे गेली.

आपल्या खिडक्या २०१२ आणि २०१८ च्या, त्यांना धक्का नाही. पण एक तपासणी निसटली: ०.५ एमईव्हीच्या वरच्या दराचा बाहेरचा तळ आजच्या मोजणीशी ताडून बघायचा होता. आता व्हॉयेजर-१ साठी २५ फेब्रुवारी ही शेवटची तारीख. नोव्हेंबर २०२३ मध्ये उड्डाण-संगणकाच्या स्मृतीतली चिप बिघडल्यावर विज्ञानाची माहिती २०२४ च्या मध्यापर्यंत थांबली होती, ते भगदाडही त्याच मालिकेत आहे. तळ काढताना त्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या धरायच्या.

१२ मार्च २०२५

सरासरी किती वेळाची घ्यायची? ‘दैनिक’ हा सवयीचा पर्याय, पण उत्तर कणाच्या जायरो-त्रिज्येत आहे. चुंबकीय क्षेत्राभोवती कण ज्या वर्तुळात फिरतो त्याहून बारीक रचना त्या कणाला दिसतच नाही. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किमी जातं, म्हणून त्रिज्या थेट वेळेत बदलता येते.

०.१ नॅनोटेस्ला क्षेत्रात, म्हणजे हेलिओशीथच्या नेहमीच्या पातळीला:
६५ केईव्ही प्रोटॉन: ३.७ लाख किमी, ६ तास
१ एमईव्ही: १४.५ लाख किमी, २३.६ तास
१०० एमईव्ही: १.४८ कोटी किमी, १० दिवस

०.४ नॅनोटेस्लाला, म्हणजे सीमेजवळच्या वाढलेल्या क्षेत्रात, हे सगळं चौथाई: दीड तास, ६ तास, अडीच दिवस.

म्हणजे दैनिक सरासरी १ एमईव्हीच्या कणांना आतमध्ये अगदी नेमकी बसते, पण सीमेवर येताच चौपट जाड पडते. व्हॉयेजर-१ ने २८ जुलै आणि १३ ऑगस्टला हेलिओस्फिअरच्या कणांत घसरण बघितली, ते परत आले, आणि २५ ऑगस्टला गेले ते गेलेच. या घसरणींचे उतार किती तीव्र हे दैनिक आलेखावरून सांगायचंच नाही. ठरलं असं: एलईसीपी सहा तासांवर, सीआरएसचा कमी ऊर्जेचा दर सहा तासांवर, ७० एमईव्हीच्या वरचा दर दैनिक. त्याला त्याहून बारीक केल्याने फक्त सांख्यिकीय खडखडाट वाढतो.

दोन मर्यादा. मॅग्नेटोमीटर १३ मीटरच्या दांडीवर असला तरी यानाच्या स्वतःच्या क्षेत्रामुळे ०.०२–०.०३ नॅनोटेस्लाची अनिश्चितता राहते, ०.१ च्या क्षेत्रात ती पाव भागाइतकी, म्हणून वरची आतली वेळ तेवढीच सैल समजायची. ही चूक मोजायला यान स्वतःभोवती फिरवतात. त्या तासांत एलईसीपीचे सेक्टरही फिरतात, ते खाने वगळले. आणि सीमा स्वतः हलत असेल तर १७ किमीचा आकडाच लागू नाही. व्हॉयेजर-१ च्या हेलिओपॉजला प्लाझ्मा बाहेरच्या दिशेने जवळजवळ स्थिर होता, म्हणून तिथे चालतं. टर्मिनेशन शॉकला मुळीच नाही: ऑगस्ट २००७ अखेरीस व्हॉयेजर-२ ने तो निदान पाचदा ओलांडला, कारण शॉकच यानाच्या मागेपुढे सरकत होता.

१७ मार्च २०२५

पीडब्ल्यूएस. इलेक्ट्रॉनची घनता = (हर्ट्झमधली वारंवारता ÷ ८,९८०) चा वर्ग, उत्तर दर घन सेंटिमीटरला. २.६ किलोहर्ट्झ → ०.०८, २.२ → ०.०६. हेलिओशीथमधली घनता ०.००२ च्या आसपास, म्हणजे तिथे ४०० हर्ट्झ. व्हॉयेजर-२ बाहेर आल्यावर १.७८ किलोहर्ट्झला ०.०३९ मिळाली.

मोठा खड्डा: यानाचा वीजपुरवठा २.४ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याची रेषा वर्णपटात कायम असते. आपोआप शिखर शोधणारा कोड ती पकडतो आणि कुठल्याही दिवशी ०.०७१ ही घनता देतो. आकडा पटण्याजोगा आहे, नेमका २.२ आणि २.६ च्या मध्ये, त्यामुळे संशय येत नाही. २.३८ ते २.४२ ची पट्टी झाकली. शिवाय ठळक प्लाझ्मा-लहर रोज नसते. सूर्यावरच्या उद्रेकाचा धक्का पोचून इलेक्ट्रॉनचे झोत सुटले तरच ती उठते. मार्च २०१२ चे उद्रेक व्हॉयेजर-१ ला एप्रिल २०१३ मध्ये, तेरा महिन्यांनी जाणवले. जी घनता रोज सापडते ती बहुधा यानाचीच असते.

२१ मार्च २०२५

सीमा ठरवायचा नियम लिहायला घेतला. त्यासाठी २००२ चा वाद समोर ठेवला. त्या वर्षाच्या मध्याला व्हॉयेजर-१ ८५ एककांवर होतं आणि सुमारे सहा महिने कमी ऊर्जेचे कण एकदम वाढले. नोव्हेंबर २००३ मध्ये दोन निबंध शेजारी शेजारी आले. एलईसीपीच्या गटाने म्हटलं की यान सौरवाऱ्याच्या पलीकडे गेलं, वेग घसरला. सीआरएसच्या गटाने म्हटलं, नाही, अ‍ॅनॉमलस किरणांचा वर्णपट अजून शॉकपर्यंत पोचल्यासारखा दिसत नाही. प्रत्यक्षात ती शॉकच्या पुढ्यातली जागा होती. खरा शॉक १६ डिसेंबर २००४ ला ९४ एककांवर, तोही यानाशी संपर्क नसलेल्या वेळेत. आणि तिथेही अ‍ॅनॉमलस किरणांचा उगम सापडला नाही, त्यांची तीव्रता आत गेल्यावर वाढतच राहिली.

२०१२ ला हेच उलट झालं. कण सांगत होते ‘बाहेर’, पण चुंबकीय क्षेत्राची दिशा दोन अंशांनीही बदलली नाही, आणि घनता मिळेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०१३ पर्यंत, नासाने घोषणा केली नाही. तो धीर योग्य होता.

म्हणून नियम: कणांच्या मोजणीवरून ‘चुंबकीय रेषांची जोडणी बदलली’ एवढंच म्हणायचं. ‘प्लाझ्मा बदलला’ म्हणायला घनता किंवा वेग हवा. व्हॉयेजर-१ ने सीमेच्या आत घुसलेले बाहेरचे किरण बघितले, व्हॉयेजर-२ ने सीमेबाहेर झिरपलेले आतले कण. फक्त कणांवर भिस्त ठेवली तर दोन्ही यानांना सीमा चुकीच्या तारखेला मिळेल, आणि विरुद्ध बाजूंनी.

व्हॉयेजर-२ च्या तुकड्यावर हा नियम थेट तपासता येतो, कारण तिथे पीएलएस चालू होतं. आधी कणांवरून तारीख काढायची, पीएलएसचा स्तंभ झाकून ठेवून, आणि मग ताडायची.

२५ मार्च २०२५

न्यू होरायझन्स यानाच्या स्वॅप या सौरवारा मोजणाऱ्या उपकरणाची तुलना-फाइल जोडली, छोटीच. कारण असं: व्हॉयेजरचं पीएलएस ५.९५ केईव्ही प्रति प्रभार इथे थांबतं आणि पिकअप आयन (बाहेरून शिरलेले उदासीन अणू आयनित होऊन वाऱ्याबरोबर ओढले जातात ते) त्याला दिसत नाहीत. टर्मिनेशन शॉकच्या पलीकडे व्हॉयेजर-२ ला प्लाझ्मा अपेक्षेहून फार थंड, जवळपास १.८ लाख केल्व्हिन मिळाला, आणि ऊर्जेचा बहुतांश, साधारण ८० टक्के, या न दिसणाऱ्या आयनांत गेला असा निष्कर्ष निघाला. स्वॅपला ते दिसतात. ४३० किमी वेगाच्या वाऱ्यात प्रोटॉनचं शिखर ९६५ व्होल्टवर, हीलियम केंद्रकांचं दुप्पट, आणि हायड्रोजन पिकअप आयनांची कडा वेग दुप्पट म्हणून ऊर्जा चौपट, ३.८६ किलोव्होल्टवर. स्वॅपची मर्यादा ७.५ असल्याने ही कडा आत बसते. एकेरी प्रभाराच्या पिकअप हीलियमची कडा मात्र १५.४ वर, ती बाहेर. म्हणून बेरजेचा दाब नेहमी ‘किमान’ असं लिहायचं. ३० ते ४३ एककांत वारा ५ ते ७ टक्के मंदावतो हा याच आयनांच्या ओझ्याचा परिणाम.

काल व्हॉयेजर-२ चं एलईसीपी ठरल्याप्रमाणे बंद होणार होतं. त्या यानाची सेक्टर-मालिका आता वाढणार नाही, म्हणून फाइलींची आवृत्ती गोठवली.

उरलेलं काम: २०१८ च्या तुकड्यात अर्ध्या संपर्काचे दिवस वेगळे काढणं, पीएलएसचा वेग आणि एलईसीपीच्या अ वरून काढलेला वेग एकाच आलेखावर, ऑक्सिजनचा वाटा ०, ५ आणि १० टक्के धरून तीन रेषांत, आणि ढालीच्या सेक्टरचा दर ७० एमईव्हीच्या वरच्या दराशी किती बांधलेला आहे ते बघणं. तो बांधलेला निघाला, तर ढालीच्या सेक्टरमधला खडखडाट सोसण्याऐवजी पार्श्वभूमी सीआरएसच्या दरावरून काढता येईल आणि सहा तासांच्या खान्यांतली चूक लक्षणीय कमी होईल.